देवाच्या भरवशावर दोन शब्द

मुळशी तालुक्यात लग्न जमवायचं तर तिघं लागतात: मुलगा, मुलगी आणि बोलणारा माणूस. पहिल्या दोघांचं आपसात काय बोलणं झालंय, ते त्यांच्या मोबाइलला ठाऊक. पण बैठकीत सतरंजीवर मांडी घालून, समोरच्या टोप्या-फेट्यांकडे बघत मानपानाचा विषय काढायचा म्हटलं की मुलीच्या बापाची जीभ टाळ्याला चिकटते. एरवी याच बापाने पिरंगुटच्या कंपनीच्या गेटवर कंत्राटासाठी तासभर हुज्जत घातलेली असते, गुंठ्याचा भाव ठरवताना एजंटाला घाम फोडलेला असतो. मुलीची बैठक बसली की मात्र त्याच्या तोंडून 'चहा घ्या' एवढंच बाहेर पडतं. म्हणून बैठकीला तात्या लागतात.

तात्या मुळशीच्या प्रत्येक गावात एक तरी असतात. कुठे त्यांना नाना म्हणतात, कुठे अण्णा, कोळवण खोऱ्यात एखादे बापू. त्यांचं जवळचं नातं कुणाशीच नसतं आणि तेच त्यांचं भांडवल. पांढरा शर्ट, खिशाला पेन, कपाळाला बुक्का. सुरुवातीला ते दाराजवळ बसतात. बोलायची वेळ आली की भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या विठोबाकडे एकदा बघतात, हात जोडतात आणि म्हणतात, "पाव्हणं, आता मी काय बोलणार? पांडुरंग बोलवील तसं बोलायचं."

यानंतर पांडुरंग साधारण पाऊण तास बोलवतो.

हा पांडुरंग कायदा जाणणारा असावा. तो 'हुंडा' हा शब्द चुकूनही बोलवत नाही. तो म्हणतो, "आमचं काहीएक म्हणणं नाही. तुमची पोर, तुमची हौस. तिच्या अंगावर घालाल ते तिचंच." एवढं म्हणून तो पाण्याचा पेला उचलतो. 1961 सालच्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कुठल्याही कलमात हे वाक्य बसत नाही, आणि मुलीच्या बापाला मात्र ते बरोबर कळतं.

बोलण्याची भिस्त देवावर आणि बोलायला दुसराच माणूस, ही सोय काही मुळशीने शोधलेली नाही. बायबलातल्या 'निर्गम' या पुस्तकात देव मोशेला सांगतो की मिसरच्या राजापुढे जा आणि माझी माणसं सोडवून आण. मोशे म्हणतो, मी जड जिभेचा माणूस, मला कुठलं बोलता यायला. तोंड मीच दिलंय, बोलायचं काय तेही मीच शिकवीन, असा देव शब्द देतो. तरीही मोशे पाय मागेच घेतो. तेव्हा देव चिडतो आणि त्याच्या भावाला, अहरोनाला, बोलायला बरोबर देतो. शब्दांची हमी खुद्द देवाने घेतली होती, तरी घरातला बोलका माणूस न्यावा लागला तो लागलाच. मुळशीच्या हिशेबात मोशे म्हणजे मुलीचा बाप आणि अहरोन म्हणजे तात्या. अहरोनाला टॉवेल-टोपी मिळाल्याचा उल्लेख तेवढा सापडत नाही.

पुढे येशूने शिष्यांना सांगितलं की तुम्हाला अधिकाऱ्यांपुढे उभं केलं तर काय बोलावं याची आधीपासून काळजी करू नका, त्या घडीला तुम्हाला सुचवलं जाईल. हा उपदेश मराठीत आणणाऱ्यांमध्ये एक बाई याच पुणे जिल्ह्यातल्या, केडगावच्या. पंडिता रमाबाई. त्यांच्या श्रद्धेबद्दल शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती. पण बायबलचं भाषांतर करायला बसताना त्या घडीवर विसंबून राहिल्या नाहीत. मूळ शब्द कळावेत म्हणून हिब्रू शिकल्या, ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षं त्या कामाला जुंपून राहिल्या. 1922 साली त्या वारल्या; त्यांचं मराठी बायबल छापून बाहेर आलं ते 1924 साली. देव सुचवतो यावर त्यांचा विश्वास होता. हिब्रूची क्रियापदंही तोच चालवून देईल, असं मात्र त्यांनी धरलं नाही.

आपल्याकडच्या संतांचं काही वेगळं नाही. ज्ञानेश्वरी 1290 साली नेवाशाला सांगितली गेली. ज्ञानदेवांनी सगळं श्रेय निवृत्तिनाथांच्या कृपेला दिलं आणि लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबांना बसवलं. पैठणला त्यांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले, अशी कथा आहे. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातल्या आळे गावात आहे आणि लोक आजही दर्शनाला जातात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की हा रेडा आयुष्यात एकदाच बोलला, तेही वेद बोलला, आणि मग गप्प राहिला. दर सभेत बोलणाऱ्यांपैकी किती जणांच्या वाट्याला समाधी येते?

त्याहून गोड कथा गावबाची. हा मुलगा एकनाथांच्या घरी पैठणला आला तो पुरणपोळीच्या ओढीने. रोज पुरणपोळीच हवी, दुसरं काही नको. नाथांच्या घरी ती मिळत होती म्हणून तो तिथेच राहिला. अभ्यासात डोकं चालेना, मंत्र तोंडात बसेना, 'एकनाथ' एवढंच नाव त्याला नीट घेता यायचं. नाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडाच्या 44व्या अध्यायापाशी थांबलं, आणि त्यापुढचं सगळं लिहून पुरं केलं ते याच गावबाने. गुरुकृपेचा चमत्कार म्हणून ही गोष्ट सांगतात, आणि तो चमत्कार आहेच. पण तो घडायच्या आधी गावबाने नाथांच्या वाड्यात काढलेली वर्षं कुणी मोजत नाही. सकाळ-संध्याकाळ रामायण ज्या घरात चाललंय, त्या घरात माणूस पुरणपोळी खायला बसला तरी पोळीबरोबर रामायणही पोटात जाणारच.

तुकोबांनी तर हा हिशेब स्वतःच मांडून ठेवलाय. देहू हिंजवडीपासून काही लांब नाही. आयटी पार्कमधल्या गाड्या हलल्या तर तासाभरात पोचता येतं. आपण स्वतःच्या बळावर बोलत नाही, बोलवणारा पांडुरंग आहे, असं तुकोबांनी अनेक परींनी सांगितलं. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कवित्व करायला सांगून गेले, असंही सांगितलं. तात्यांचा सगळा आधार या दोन गोष्टींवर आहे. पण त्याच तुकोबांनी स्वतःची हकिगत सांगताना आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती तात्या सहसा काढत नाहीत. पडझड झालेलं देऊळ दुरुस्त केलं, एकादशीला कीर्तन करायला लागलो, सुरुवातीला मनाला सवय नव्हती. म्हणून आधीच्या संतांची वचनं विश्वासाने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरलं. म्हणजे क्रम असा: आधी पाठांतर, मग मागे उभं राहणं, मग स्वप्न, मग पांडुरंग. तात्यांनी पहिल्या तीन पायऱ्या गाळल्या आहेत, असं वरवर तरी वाटतं.

हा क्रम ओळखला तो विष्णुबुवा जोगांनी. तरुणपणी तालमीचा नाद असलेला हा माणूस पुढे वारकऱ्यांचा जोग महाराज झाला आणि 1917 साली त्याने आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथला अभ्यासक्रम चार वर्षांचा. देवाचे शब्द तोंडात यावेत म्हणून चार वर्षं! इंजिनीअरलाही तेवढीच लागतात, आणि तो बाहेर पडल्यावर हिंजवडीला कुणाशी न बोलता पडद्याकडे बघत बसतो. जोग महाराजांना आखाडा माहीत होता. कुस्ती लागल्यावर 'बजरंगबली की जय' सगळेच म्हणतात. डाव मात्र ज्याने पहाटे उठून जोर काढलेत त्यालाच सुचतो.

चार वर्षं शिकून आलेला कीर्तनकारही अडखळतो, पण त्याची सोय परंपरेने फार हुशारीने लावून ठेवलेली आहे. मुळशीत कुठल्याही गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाला जावं आणि कीर्तनकाराकडे न बघता टाळकऱ्यांकडे बघावं. बुवा रंगात आलेले असतात, एक प्रमाण देऊन झालेलं असतं, पुढचं प्रमाण ओठावर येऊन अडतं. बुवांचा चेहरा जराही हलत नाही. ते दोन्ही हात वर करतात आणि 'विठ्ठल विठ्ठल' सुरू करतात. मागचे टाळकरी ते उचलतात, मृदंगवाला लय वाढवतो, गावकरी डोलायला लागतात, म्हाताऱ्या डोळे पुसतात. या सगळ्या गजरात बुवा शांतपणे उपरण्याने घाम टिपतात, घोटभर पाणी पितात, आणि हरवलेलं प्रमाण सापडलं की एक हात खाली आणतात. टाळ थांबतात. बुवा खणखणीत आवाजात चरण म्हणतात. मांडवातल्या प्रत्येकाला वाटतं, देवाने आत्ताच्या आत्ता सुचवलं! आणि ते खोटंही नाही. देवाचं नाव घेतलं म्हणूनच वेळ मिळाला, आणि वेळ मिळाला म्हणूनच आठवलं.

सत्कारसमारंभातल्या वक्त्याची खरी अडचण इथे आहे. त्याच्या मागे टाळकरी नसतात. तो अडला की 'या ठिकाणी' म्हणतो. पुन्हा अडला की 'निश्चितपणे' म्हणतो. 'निश्चितपणे या ठिकाणी' एवढ्यावर लोक डोलत नाहीत.

आता तात्यांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. बैठकीच्या आधी चार दिवस तात्या मुलाच्या गावी कधी आणि कशासाठी जाऊन येतात, ते कुणाला सांगत नाहीत. सकाळी ते दूध डेअरीवर दिसतात. मग एसटी थांब्याजवळच्या टपरीवर 'एक हाफ' घेऊन बसतात. तेवढ्यात त्यांना कळतं की रस्त्याकडची जमीन गेलीय, वरच्या अंगाची शिल्लक आहे. आंबेमोहोर अजून घरचाच पिकतो. मुलगा निर्व्यसनी म्हणतात तेवढा नाही, पण वाईटही नाही. आणि मुलाच्या थोरल्या चुलत्याला गेल्या लग्नात फेटा उशिरा बांधला म्हणून तो जेवायला बसला नव्हता. ही शेवटची बातमी सोन्याच्या मोलाची. बैठकीत बोलणी फिसकटायला येतात, दोन्हीकडचे आवाज चढतात, आणि तात्या कॅलेंडराकडे बघून एकाएकी म्हणतात, "थांबा. पहिला फेटा चुलत्यांना. बाकीचं मागनं बघू." चुलता विरघळतो. सुपारी फुटते. बाहेर चपला घालताना लोक म्हणतात, "तात्यांना ऐन टायमाला सुचतं बघा. देवाची देणगीच ती."

तात्या नम्रपणे वर बोट दाखवतात. टपरीचं नाव काढत नाहीत.

देवाच्या नावाने बोललेलं सगळंच असं मवाळ नसतं. बोलण्याची कसोटी लागलेली मराठीतली एक मोठी जागा म्हणजे 1908 सालचं मुंबई हायकोर्ट. राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी स्वतःच बचावाचं भाषण केलं, ते 21 तासांहून जास्त चाललं. कायदा, भाषांतरातल्या चुका, जुने निवाडे, सगळं त्यात आलं. ज्यूरीतल्या सात जणांनी दोषी म्हटलं, दोघांनी निर्दोष. शिक्षेआधी काही बोलायचंय का, असं न्यायमूर्ती दावर यांनी विचारलं, तेव्हा टिळक मोजकीच वाक्यं बोलले: ज्यूरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे, जगाचं नशीब चालवणारी याहून वरची सत्ता आहे आणि मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या सोसण्यानेच हे कार्य वाढावं, अशी तिची इच्छा असेल. शिक्षा झाली सहा वर्षं काळ्या पाण्याची. पुढे त्याच हायकोर्टात फलक लागला, तो या मोजक्या वाक्यांचा. 21 तासांचा नाही. पण 21 तास घासून तयार झालेल्या माणसाच्याच तोंडात ती वाक्यं आली, हेही खरं.

टिळक गेले 1920 साली, आणि पुढच्याच वर्षी मुळशीवर बोलायची पाळी आली. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, त्यासाठी टाटांच्या कंपनीला मुळा नदीवर धरण हवं होतं आणि धरणाखाली मावळ्यांची भातशेती जाणार होती. कंपनीकडे बोलायला वकील होते, सरकार होतं, 1894 सालचा भूसंपादन कायदा होता. मावळ्यांकडे यातलं काही नव्हतं. त्यांनी दिवस निवडला रामनवमीचा, 16 एप्रिल 1921. त्या दिवशी ते धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि त्यांच्या तोंडी शब्द होते तीनच: 'जान किंवा जमीन'. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांच्यासारखी बोलणारी माणसं पुढे होती. बापटांना 'सेनापती' हे बिरुद मिळालं ते इथेच. सत्याग्रह 1924 पर्यंत रेटला गेला. शेवटी धरण झालंच, गावं पाण्याखाली गेली. पण तालुक्यातला शंभर वर्षांतला सगळ्यात नेमका बोलण्याचा कार्यक्रम तोच. त्याला निवेदक नव्हता, स्वागताध्यक्ष नव्हता आणि आभारप्रदर्शन तर करावंच लागलं नाही.

शंभर वर्षांनी मुळशीत जमीन हा विषय तसाच आहे, शब्द मात्र वाढले. 2018 साली प्रवीण तरडे यांनी 'मुळशी पॅटर्न' नावाचा सिनेमाच काढला, तो जमीन विकून हातात काय राहतं यावर. व्यवहार ठरताना अजूनही देव मध्ये असतो. ताम्हिणीच्या विंझाईची आण घेतली जाते, भंडारा उचलला जातो, "दिला शब्द म्हणजे दिला" असं म्हणून मांडीवर थाप पडते. या घडीला माणूस खोटं बोलत नसतो. अडचण एवढीच की 1882 सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जमीन विकायची तर खरेदीखत नोंदवावंच लागतं, आणि 100 रुपयांत मुळशीत आज जमीन सोडा, जमीन बघायला जायचं रिक्षाभाडंही भागत नाही. त्यामुळे विंझाईला साक्ष ठेवून झालं की दोन्ही पार्ट्या पौडला जातात आणि सही-अंगठा देणारे दोन साक्षीदार वेगळे उभे करतात. देवीला आधार कार्ड मागता येत नाही.

देवाच्या शब्दाचं सरकारदरबारी नेमकं काय करायचं, हा पेच घटना समितीलाही पडला होता. 17 ऑक्टोबर 1949 रोजी हरी विष्णू कामत यांनी सुचवलं की राज्यघटनेच्या उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने करावी. बराच खल झाला आणि प्रकरण मतदानाला गेलं. बाजूने 41, विरोधात 68. देवाला पहिला शब्द मिळाला नाही. शपथेत मात्र त्याची सोय ठेवली: आमदार-खासदार 'ईश्वरसाक्ष' शपथ घेऊ शकतात, किंवा ज्याला ईश्वराला त्रास द्यायचा नसेल तो 'गांभीर्यपूर्वक' म्हणू शकतो. शपथ कुठलीही घेतली तरी त्यानंतरची भाषणं सारखीच असतात, म्हणून त्या वादात फार शिरण्यात अर्थ नाही.

लग्नाच्या मांडवात गोष्ट जरा हाताबाहेर जाते. तात्या बैठकीत तरबेज, पण मांडवात माइक असतो, आणि माइकवर फक्त तात्या नसतात. निवेदक खुर्च्यांवरच्या मान्यवरांची नावं घेतो. मान्यवर येतच राहतात. मुहूर्त टळत असतो, भटजी घड्याळ दाखवत असतात, अंतरपाटाआड नवऱ्याचा फेटा ढिला होत असतो. प्रत्येक मान्यवर सुरुवातीला हेच सांगतो की काही ठरवून आलो नाही, देव सुचवील ते दोन शब्द बोलतो. आणि देव सगळ्यांना एकच सुचवतो. संसार सुखाचा होवो. दोन्ही घराणी तालेवार. वेळेअभावी थांबतो. देवाने एकाच दिवशी एकाच मांडवात इतक्या जणांना तेच ते वाक्य सुचवावं, यात देवाचा दोष नसावा. तो एकदाच बोलला असेल, बाकीच्यांनी ऐकून उचललं असेल.

या मांडवात तयारीने आलेलं माणूस एकच असतं: नवरी. उखाणा तिने आठवडाभर आधी जुळवलेला असतो, मैत्रिणींना म्हणून दाखवलेला असतो. घास भरवताना आग्रह झाला की ती आधी लाजते, मग एका दमात सांगून मोकळी होते:

"मुळशीच्या धरणाची वीज गेली मुंबईला,
रावांचं नाव घेते, सोडा आता जेवायला."

दोन ओळींत तालुक्याचा इतिहासही आला, नवऱ्याचं नावही आलं आणि कार्यक्रमही संपवला. पूर्ण लग्नात पंगतीला उठवणारं भाषण ते एवढंच.

पण योग्य शब्द म्हणजे काय, हे मुळशीत नीट कळायचं असेल तर दशक्रियेला जावं लागतं. नदीकाठी पिंड मांडलेला असतो. प्रवचन झालेलं असतं. मग श्रद्धांजलीचा माइक फिरतो: पतसंस्था, दूधसंस्था, तंटामुक्ती समितीचे माजी अध्यक्ष, तीन पक्ष आणि त्यांतून फुटलेले आणखी दोन. "कै. दादांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी" हे वाक्य प्रत्येकाला देव सुचवतो. कावळे वडाच्या फांदीवर बसलेले असतात. कुणीही खाली येत नाही.

माइक बंद झाला की खरं बोलणं सुरू होतं, आणि ते थेट गेलेल्या माणसाशी असतं. थोरला मुलगा हात जोडून म्हणतो, "दादा, धाकट्याचं शिक्षण मी करतो." कावळा हलत नाही. पुतण्या म्हणतो, "बांधाचा वाद मिटवतो." कावळा मान वाकडी करतो, पण बसून राहतो. कुणी म्हशीबद्दल बोलतं, कुणी पंढरीच्या वारीबद्दल. ऊन चढतं. शेवटी मागे बायकांत बसलेली बहीण उठते. तिने आतापर्यंत एक शब्द काढलेला नसतो. ती म्हणते, "दादा, देवळामागचा तुकडा न्हाई इकत कुणी. म्या सही देत न्हाई. ये आता."

कावळा येतो, असं सगळे सांगतात. नाही आला तर दर्भाचा कावळा करून भागवतात, ती सोय शास्त्राने ठेवलेली आहे. पण तो आला किंवा नाही आला, घाटावरच्या प्रत्येकाला त्या क्षणी कळलेलं असतं की बोलायचं होतं ते हेच. बहिणीला ते देवाने सुचवलं की दादा आजारी असताना तिने उशाशी बसून काढलेल्या रात्रींनी, हे विचारायला कुणी जात नाही. तात्याही नाही. ते त्या दिवशी वर बोट दाखवत नाहीत, चपला शोधत असतात.

तेव्हा श्रद्धांजलीला उभं राहणाऱ्या सगळ्या मान्यवरांना मुळशीकरांच्या वतीने एक विनंती. देवाचं नाव जरूर घ्या, डोळेही मिटा. पण उठायच्या आधी शेजारच्याला विचारून गेलेल्याचं नाव, त्याच्या मुलांची नावं आणि तो कशासाठी झुरत होता, एवढं कागदावर टिपून घ्या. त्यातलं एकही माहीत नसेल तर नुसता नमस्कार करा आणि माइक पुढच्याला द्या. उन्हात म्हातारी माणसं बसलेली असतात, आणि नंतर त्यांना जेवून लांबच्या गावी परत जायचं असतं.